पानाला तीस रुपये

"नुसतं वाचायचंच तर हाय, आपा," असं म्हणत लोक आमच्या घरात पाऊल टाकायचे. शहागंजात कापडाच्या दुकानांच्या मागं, वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. जिना इतका अरुंद की माणूस दिसायच्या आधी त्याची पिशवी भिंतीला घासत येताना ऐकू यायची. घासण्याच्या आवाजावरून मी अंदाज बांधायची, कागद किती असतील याचा. अब्बा माझ्यापेक्षा चांगला अंदाज बांधायचे. त्यांना दिसत नव्हतं.

कागद म्हणजे निजामाच्या अमलातले जमिनीचे कागद. खरेदीखतं, वाटणीपत्रं, विहिरीच्या पाण्याचे करार, सगळं उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर अंमल बदलला, कचेरीची भाषा बदलली, पण वावरं होती तिथंच राहिली आणि त्यांचे कागदही पत्र्याच्या पेट्यांत तसेच पडून राहिले. चाळीसेक वर्षांनी भावकीत काही निघालं की पेटी उघडायची. कोर्टाला मराठी तर्जुमा लागायचा. मग कुणीतरी सांगायचं, शहागंजात एक बाई आहे, ती वाचते.

मला ते वाचता यायचं, कारण अब्बा तहसिलीत नक्कलनवीस होते. कागदांच्या नकला उतरवणं हे त्यांचं काम. राज्य बदललं तेव्हा ते तिशीत होते, आणि साहेबांनी सांगितलं की आता मराठी शिका, नाहीतर घरी बसा. अब्बांनी पाटी आणली आणि बाराखडी गिरवली. नोकरी टिकली, पण मुलीवर ती पाळी येऊ नये म्हणून त्यांनी मला मराठी शाळेत घातलं, आणि संध्याकाळी घरात बसवून आपली भाषा शिकवली. छापील उर्दू तर शिकवलीच, शिवाय शिकस्ताही. शिकस्ता म्हणजे कचेरीतलं घाईचं मोडकं वळण. त्यात अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात आणि नुक्ते, म्हणजे अक्षराचे ठिपके, वाटेत कुठंतरी गळून जातात. गळलेला नुक्ता आपण मनानं लावायचा. ते जमायला मला आठ वर्षं लागली.

दुपारी बाजार सुस्तावला की मी कामाला बसायची. समोरच्या गच्चीवर रंगवलेल्या ओढण्या वाळत असायच्या आणि त्यांच्यातून गाळून आलेलं ऊन माझ्या टेबलावर कधी हिरवं, कधी गुलाबी पडायचं. वाचता वाचता मी खोलीत नसायचीच. 'उत्तरेस बोरीचं झाड, तिथून बांधाबांधानं मोटेच्या दगडी थारोळ्यापर्यंत' असं आलं की मी त्या बांधावरून चालायला लागायची. कन्नड, वैजापूर, सिल्लोड या बाजूंना मी आयुष्यात गेले नव्हते, पण तिथल्या किती वावरांतून फिरून आले असेन याला हिशोब नाही. ज्या माणसांची ती जमीन, ती मरून गेलेली. झाडंही गेली असतील. तरी मला पायाखाली ढेकळं लागायची.

त्या चालण्याचे मी पैसे घ्यायची, पानाला तीस रुपये. आणि ते सांगताना माझी जीभ जड व्हायची.

अब्बांकडून फुकट मिळालेली विद्या, त्यात मला ते काम आवडायचं. आवडीच्या कामाचे पैसे मागणं मला चोरीसारखं वाटायचं. लोकांना हे कसं कळायचं कोण जाणे, पण कळायचं. "तीस?" एवढंच म्हणून समोरचा गप्प बसला, की त्या गप्पपणात मीच बोलून जायची, "बरं, पंचवीस द्या." मग तो म्हणायचा, "वीस करा, लांबून आलोय." मी वीस करायची. कुणी म्हणायचं, गरीब आहोत. कुणी म्हणायचं, गावातली अजून दहा गिऱ्हाइकं आणून देतो. ती दहा गिऱ्हाइकं आली, की त्यांना वीस रुपये हाच भाव ठाऊक असायचा आणि ती तिथून खाली सुरुवात करायची.

अशात एके दिवशी वाळूजचा कारखानदार आला. तेव्हा वाळूजची वसाहत नवी होती. हा मूळचा पिशोरचा, शेतकऱ्याच्या घरातला. तिकडं एक शेड घेऊन त्यानं चार लेथ टाकले होते आणि मोठ्या कंपन्यांना सुटे भाग करून द्यायचा. चाळिशीचा, अंगानं भरलेला, हाताला तेलाचा वास. चुलतभावाशी विहिरीवरून दावा लागला होता. त्यानं पिशवीतून कापडात बांधलेलं कागदांचं बासन काढून टेबलावर ठेवलं. अकरा पानं होती.

"कितीला करणार?"

"पानाला तीस."

"आपा, मी कारखाना चालवतो. भाव काय असतो मला ठाऊक हाय," तो हसत म्हणाला. "पंधरा. अन् हे झालं की अख्ख्या पिशोरचं काम तुमच्याकडं. लिहून देऊ का?"

मी 'हो' म्हणाले. तो निम्म्या जिन्यावरून परत वर आला आणि म्हणाला, "अन् दोन पानं आधी करून ठेवा, परवा वकिलाला दाखवायचीत. आवडली तर बाकीची तुमचीच." म्हणजे पंधराचं कामही अजून माझं नव्हतंच. त्यालाही मी 'हो' म्हणाले. अब्बा खिडकीजवळच्या तख्तावर बसून तस्बीचे मणी सरकवत होते. त्यांची बोटं थांबली.

पंधरा रुपयांत घर चालायचं तर दिवसाला दुप्पट पानं व्हायला हवीत. त्या दोन दिवसांत त्याची दोन आणि इतरांची ढीगभर पानं उरकताना मी कुठल्याच बांधावरून चालले नाही. शब्द दिसला की उचलायचा, मराठी करायचा, पुढं जायचं. ऊन हिरवं होतं का गुलाबी, आठवत नाही. तिसऱ्या दिवशी तो येऊन दोन पानं घेऊन गेला.

त्या संध्याकाळी अब्बा म्हणाले, "पढ के सुना बेटी." तर्जुम्याची कच्ची प्रत त्यांना वाचून दाखवायची आमची रीत होती. या वेळी घाईत ती राहून गेली होती. मी वाचलं. पहिल्या पानात एक वावर, दुसऱ्या पानात शेजारचं दुसरं वावर, दोन्हींच्या चतुःसीमा.

"दोघांच्या मधून एकच ओढा जातो म्हणालीस?"

"हो अब्बा."

त्यांनी चष्म्याची रिकामी डबी तख्तावर ठेवली. चष्मा उपयोगाचा राहिला नव्हता तरी डबी जवळ असायची. तिच्या शेजारी चार बोटांच्या अंतरावर पानसुपारीचा डबा ठेवला. मग हातातली तस्बी सरळ करून दोघांच्या मधून सोडली. "हे एक वावर, हे दुसरं वावर, हा ओढा. एकाच्या पश्चिमेला ओढा असेल तर दुसऱ्याच्या पूर्वेला पडला पाहिजे. तू तर दोघांच्या पश्चिमेला नेलास. एक ओढा दोन जागी कसा वाहील?"

मी मूळ कागदाच्या नकलेवरून भिंग फिरवलं. मशरिक म्हणजे पूर्व, मगरिब म्हणजे पश्चिम. शिकस्त्यात दोन्ही शब्दांचे नुक्ते गळलेले, आणि घाईत मी पूर्वेची पश्चिम करून टाकली होती. विहीर त्या ओढ्याच्या काठावर होती. माझ्या तर्जुम्यानं ती उचलून चुलतभावाच्या वावरात नेऊन ठेवली होती. आणि तो कागद वकिलाकडं निघाला होता.

अब्बा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तस्बी गुंडाळून घेतली आणि म्हणाले, "सकाळी जाऊन परत आण."

सकाळी मी वाळूजच्या बसमध्ये बसले. पहिल्या पाळीचे कामगार आधीच गेले होते. समोरून सुटलेल्या पाळीच्या बसगाड्या येत होत्या आणि त्यांच्या खिडक्यांना डोकं टेकून माणसं झोपलेली होती. एकामागून एक तशा झोपलेल्या चेहऱ्यांच्या रांगा माझ्या खिडकीवरून सरकत गेल्या. छावणी मागं पडली, मग माळ लागला. माळावर कारखान्यांची कुंपणं, आणि कुंपणांच्या मध्ये एखादा जुना बांध तसाच राहिलेला. एका शेडच्या फाटकापाशी कडुनिंब होता. हाही कुठल्यातरी कागदावर 'दक्षिणेस कडुनिंब' म्हणून लिहिलेला असेल, असं वाटलं आणि थांबा चुकता चुकता मी उतरले.

त्याच्या शेडमध्ये लेथचा एकसारखा आवाज होता. जमिनीवर लोखंडाच्या कुरळ्या साली पडल्या होत्या, निळ्या-सोनेरी. मला बघून तो चकितच झाला. कोपऱ्यातल्या टेबलापाशी खुर्ची झाडून दिली, चहा मागवला.

"भाऊ, ती दोन पानं वकिलाला दिली का?"

"काल वकील भेटला नाय. आज दुपारी देणार. का?"

"पहिल्या पानात माझी चूक झालीय. पूर्वेच्या जागी पश्चिम लिहिली. तुमची विहीर पलीकडं गेली."

तो मोठ्यानं हसला. "मग तर आता अजून कमी करावं लागंल, आपा! दहा धरू?"

मला त्याचा राग यायला हवा होता. पण तो हे अगदी सरावानं बोलला होता, खोकला आल्यावर तोंडापुढं हात जावा तसा. मी विचारलं, "तुम्हाला पण असंच कुणी मागतं का?"

त्यानं टेबलावरचा एक नग उचलला. पितळेची छोटी, गोल, चकचकीत वस्तू. "हे बघा. पहिल्या साली जो भाव दिला, त्याच्यात दर सालाला कापतात. यंदा म्हणाले, अर्ध्यात दे, काम वाढवून देतो. मी काय म्हणणार?"

"काय म्हणालात?"

"देतो म्हणलं."

"आणि नग? तो पण तसाच देता?"

लेथचा आवाज चालूच होता. त्यानं तो नग बोटांत फिरवला, एकदा उजेडाला धरला आणि परत ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "थोडा पातळ पडतो."

"माझाही नग पातळ पडला, भाऊ," मी म्हणाले.

चहा आला होता, त्यावर साय धरली होती. मी दुरुस्त केलेलं पान त्याच्यापुढं सरकवलं. "या दोन पानांचे मला पैसे नकोत. बाकीची नऊ करायची असतील तर तीस रुपयांनी करीन. त्याच्या खाली मला नीट वाचता येत नाही, हे आता मला कळलंय. नसेल जमत तर बासन आजच घेऊन जा, मी संध्याकाळी घरीच आहे."

हे मी बोलले, हे परतीच्या बसमध्ये बसल्यावर मला खरं वाटेना. डोकं हलकं झालं होतं, तापातून उठल्यावर होतं तसं.

संध्याकाळी त्याचा माणूस येऊन बासन घेऊन गेला.

पुढचे दीड-दोन महिने फार ओढगस्तीचे गेले. मी येणाऱ्या प्रत्येकाला तीस सांगायची. अब्बांनी एक युक्ती शिकवली होती, "भाव सांगितला की बोलायचं नाही. समोरचा गप्प बसला तर बसू दे. ती त्याची वेळ आहे विचार करायची, तू मध्ये बोलू नकोस." मी भाव सांगून खिडकीबाहेरच्या ओढण्यांकडं बघत राहायची आणि दातांखाली जीभ धरायची. कुणी उठून जायचे. जिन्यावर पिशवी घासत खाली गेली की मला वाटायचं, धावत जाऊन हाक मारावी, वीस द्या म्हणावं. एकदा तर दारापर्यंत गेलेही. अब्बा नुसते खाकरले. कुणी थांबायचे, आणि थांबलेल्यांची पानं मी पुन्हा हळू वाचायला लागले. बांध परत आले, बोरी परत आल्या. पण पानं कमी होती. त्या दिवसांत आमच्याकडं खिचडीच जास्त शिजायची.

उन्हाळा लागल्यावर एका दुपारी जिन्यात काहीतरी घासण्याचा आवाज आला, पण तो कागदांचा नव्हता. एक म्हातारी वर आली. नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं गोंदण, पाठीवर शेंगांची पिशवी. दारातच खाली बसली आणि दम घेत म्हणाली, "कागुद वाचनारी तूच का माय? मी पिशोरची. लेथवाल्याची माय."

मी पाणी दिलं. तिनं पदराखालून तेच बासन काढलं.

"लेकानं दुसऱ्याकडं न्हेलं हुतं. त्यानं लई दिवस ठिवून घेतलं अन् म्हनला, वाचवत नाय. आता ल्योक खाली रिक्षात बसलाय. वर यायला लाजतुया." मग ती माझ्याकडं वाकली. "त्यानं मला बजावलंय, भाव करू नगंस म्हनून. तीस म्हनजे तीस. पर मी काय त्याचं ऐकनार नाय. पाच रुपये कमी कर."

"मावशी, तीसच."

"बरं, दोन कर."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. ती पण गप्प. अब्बांची तस्बी चालू होती. शेवटी मलाच हसू फुटलं आणि मग तिलाही. तिचे समोरचे दोन दात नव्हते. "मला कमी नगं गं," ती डोळे पुसत म्हणाली, "पर न मागता कसं जायचं? बाजार केल्यावानी वाटत नाय."

तिचं बोलणं ऐकून अब्बा म्हणाले, "बेटी, लिखने के पहले इनको सब पढ के सुना."

तर्जुमा कोर्टासाठी होता. तिला कुणी कधी वाचून दाखवलं नव्हतं. त्या घरात ती साठ वर्षांपूर्वी सून म्हणून आली होती, आणि ते कागद तेव्हापासून ती फक्त उन्हात टाकायची आणि परत पेटीत ठेवायची. मी पहिलं पान घेतलं आणि तोंडी मराठी करत वाचायला लागले. ऊन त्या दिवशी हिरवं होतं, एवढं पक्कं आठवतं. तिच्या लुगड्यावर, अब्बांच्या पांढऱ्या दाढीवर पडलं होतं. दोघंही डोळे मिटून बसली होती. एकाला दिसत नव्हतं, दुसरीला अक्षरओळख नव्हती.

"उत्तरेस चिंचेचं वावर," मी वाचलं.

"व्हय, व्हय," ती पुटपुटली. "चिंच लई जुनी हुती. सासू तिथं बसून भाकरी खायची."

"तिथून बैलगाडीच्या वाटेनं धोंडीपर्यंत."

"धोंडीवर शेंदूर हाय. तिथून डावीकडं वळायचं. सांभाळून, तिथं काटं हाईत."

ती मला सांभाळून न्यायला लागली. मी कागदावरचा शब्द वाचायची आणि ती त्याच्या पुढची पायवाट सांगायची. कागदात 'झाडे तीन' एवढंच असेल तर ती म्हणायची, एक आंबा, दोन बाभळी. आंबा आंबट. इतकी वर्षं मी ज्या वावरांतून एकटीच हिंडत होते, तिथं पहिल्यांदा मला कुणीतरी सोबत होतं. एका पानावर विहीर खणल्याची नोंद होती. त्यात लिहिलं होतं की विहिरीचा खर्च घरातल्या थोरल्या बाईचे दागिने मोडून केला. नाव नव्हतं, 'जौजा-ए-कलां' एवढंच, म्हणजे थोरली बायको. म्हातारी एकदम डोळे उघडून म्हणाली, "ती माझी आजेसासू. आमच्यात कुनी बोललं नाय कधी." तिनं मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी तीनदा वाचलं.

त्या वाचण्याचे मी पैसे घेतले नाहीत, आणि ते मला अजिबात जड गेलं नाही. लिहायच्या नऊ पानांचे तिनं दोनशे सत्तर रुपये गाठ सोडून मोजून दिले, आणि शेंगांची पिशवी ठेवून गेली. खिडकीतून मी पाहिलं. रिक्षातून कारखानदार उतरला, आईला हात देऊन आत बसवलं आणि वर बघून मला नमस्कार केला.

इतर कामांसोबत ती नऊ पानं करायला मी तीन आठवडे घेतले. अब्बांनी प्रत्येक सीमा तख्तावर मांडून पाहिली. पानं न्यायला तो स्वतः आला तेव्हा न विचारता बसला, चहा प्यायला. दाव्याचं पुढं तसं काही झालंच नाही. आजेसासू दोन्ही घरांची एकच होती; तिच्या दागिन्यांचं वाक्य दोन्ही घरांतल्या बायकांच्या कानावर गेलं, आणि म्हातारीनं दोन्हीकडच्या पुरुषांना विहिरीवर उभं केलं. पाणी आठवड्याच्या वारांनी वाटून घेतलं, चार दिवस यांना, तीन दिवस त्यांना.

"अन् तुमचे ते कंपनीवाले?" मी विचारलं.

"नाय म्हणलं त्यांना." कप बशीत ठेवत तो म्हणाला. "ऑर्डर गेली. दोन लेथ बंद हाईत सध्या."

मी त्याचा रिकामा कप उचलला.

"एक पुण्याचा कंपनीवाला आलाय," तो उठताना म्हणाला. "त्यानं नग हातात घेऊन वजन बघितलं. भाव अजून विचारला नाय."

तो गेला. जिन्यात बुटांचा आवाज विरत गेला. अब्बांनी विचारलं, आज कुठलं गाव आहे. मी सांगितलं, वैजापूरकडचं, नदीकाठची जमीन आहे, अक्षर फार बारीक आहे. ते पाय वर घेऊन तख्तावर नीट बसले, आणि मी वाचायला सुरुवात केली. दिवसभरात दोनच पानं झाली.